मधुराचे कोरे बूट

उल्हासराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, मधुराचे यजमान. त्यांच्या हाताला लागलेली वस्तू कधी खराब होत नाही, असं आमच्या नात्यागोत्यात कौतुकाने बोललं जायचं. मी नाही बोलले कधी. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर, आणि पाहुणे आले की चादर तेवढी काढायची, कव्हर तसंच! या सिंगापूरच्या उकाड्यात त्यावर बसलं की उठताना पाय सोलून निघतात. एकदा मी म्हटलंच, "उल्हासराव, सोफा कोणासाठी ठेवलाय? पुढच्या जन्मासाठी?" तर नुसते हसले. या माणसाशी धड भांडायलाही मिळत नाही, हा त्यांचा आणखी एक दोष.

माणूस मूळचा चिपळूणचा. जहाजावर इंजिनिअर, मग चीफ इंजिनिअर, आणि लेक अवनी झाल्यावर इथल्याच एका कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी. सेंगकांगला फ्लॅट घेतला. आम्ही वुडलँड्सला, म्हणजे मनात आलं की उठून जाण्यासारखं. चिपळूणच्या या माणसाने बर्फ पाहिला असेल तो सरबतात. पण लग्नाआधी एका वर्षी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी जपानच्या उत्तरेकडच्या गोदीत लागलं. एप्रिल महिना. गोदीतल्या मुकादमाने रविवारी यांना आपल्याबरोबर डोंगरावर नेलं. उसने बूट, उसन्या स्की. दिवसभर आपटले, आणि संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडात बसल्या बसल्या ठरवून टाकलं की आता दर वसंतात यायचं. माणसं कुंडात बसून पुण्य घेऊन येतात, हे व्यसन घेऊन आले.

मला आधी वाटलं, लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं, तसलं काहीतरी असेल. तसलं नाही. लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या. त्या पुढे सरकतात आणि मागे घसरू देत नाहीत. त्यांवर चार-पाच तास डोंगर चढायचा, माथ्यावर पट्ट्या सोलून काढायच्या आणि मग खाली यायचं. तेही ज्वालामुखीचे डोंगर! हिवाळ्यात तिथे वादळं असतात म्हणून हे लोक वसंतात जातात. सकाळी बर्फ काचेसारखा टणक, दुपारी त्याची लापशी, आणि मधे एखादा तास असा येतो की वरचा थर भरड साखरेसारखा मोकळा होतो. त्या एका तासासाठी एवढा खटाटोप.

लग्नानंतर हे खूळ जाईल, अशी माझी समजूत. कशाचं काय! मधुरा त्यांच्या वरताण निघाली. पुण्यात डिसेंबरात स्वेटरवर शाल घेऊन बसणारी माझी बहीण दुसऱ्याच वर्षी उल्हासरावांच्या पुढे चढायला लागली. मला फोनवर सांगायची, "ताई, वर पांढराशुभ्र बर्फ आणि शेजारच्या खडकातून वाफ येतेय. खाली चूल पेटलेली आणि वर फ्रिज उघडा, असा डोंगर." सराव कुठे करायचे? तर आपल्याच ब्लॉकच्या जिन्यात. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचं ओझं, पायात ते राक्षसी बूट, आणि दोघं खाडखाड करत वरच्या मजल्यापर्यंत. शेजारची चिनी आंटी दार उघडून विचारायची, "लिफ्ट स्पॉइल आह?" मधुरा म्हणायची, "नो आंटी, हेड स्पॉइल." आंटी पण हसायची.

ती दोघं गेली की अवनी माझ्याकडे. मला मूल नाही, तेव्हा मला ते दिवस सणासारखे. पण पोर दर वर्षी रुसायची. "मला का नाही नेत?" मधुरा तिला जवळ घेऊन सांगायची, "तुझं ओ-लेव्हल झालं की आपण तिघं. प्रॉमिस." ओ-लेव्हल म्हणजे इथली दहावी.

शेवटच्या खेपेला मधुराने तिथे नवे बूट घेतले. जांभळे. दुकानदाराने आतलं अस्तर तापवलं आणि ते गार होईपर्यंत तिला पायात घालून उभं केलं, म्हणजे अस्तराला पायाचा अचूक आकार येतो. घरी आल्यावर मला दाखवत म्हणाली, "आता हे माझ्याशिवाय कोणाला बसायचे नाहीत." पुढच्या वसंतात घालीन म्हणून कोरेच ठेवले. पुढचा वसंत आला तेव्हा ती केमोच्या खुर्चीत होती, आणि त्याच्या पुढचा आला तेव्हा ती नव्हती. अवनीच्या ओ-लेव्हलला अजून दोन वर्षं होती.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची एक कोठी असते. बॉम्ब शेल्टर म्हणतात. युद्ध झालं तर आत जाऊन बसायचं म्हणे. तोवर सगळं सिंगापूर त्यात इस्त्री, झाडू आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवतं. उल्हासरावांनी त्यात मधुरा ठेवली. तिच्या साड्या, तिचा चष्मा, तिच्या स्की, तिच्या भाजणीचा डबासुद्धा. प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकमध्ये, वरून ओलावा शोषणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या. आणि दाराला कुलूप. इथे चोऱ्या होत नाहीत हो, तरी कुलूप.

मधुराची आणि माझी एक रीत होती. तिने नवी साडी घेतली की घडी मी मोडायची. म्हणजे आधी मी नेसायची, मग तिने. माझी तिने मोडायची. तिची एक मोरपिशी पैठणी माझ्यासाठी तशीच थांबली होती. आजारपणात घडी मोडायची राहून गेली. मी दर दिवाळीला उल्हासरावांच्या मागे लागायचे, "किल्ली द्या. रेशीम आहे ते, एकाच घडीवर पडून राहिलं की त्याच रेषेवर विरतं. उलगडून घडी तरी बदलून ठेवते." त्यांचं उत्तर ठरलेलं. "असू देत, प्रेमाताई. तिच्या हातच्या घड्या आहेत." डोळे भरून यायचे आणि रागही यायचा, दोन्ही एकदम.

वापरलं नाही तर इथे काही टिकत नाही. माझ्या कोऱ्या सँडल कपाटात पडून होत्या, त्या मंडळाच्या गणपतीला घातल्या तर आरती चालू असताना दोन्ही तळ निघून आले. मी अनवाणी घरी. इथे प्रत्येकाच्या घरात ही गोष्ट आहे. आणि असं का होतं, हे मला उल्हासरावांनीच समजावून सांगितलं होतं. दमट उष्णतेत प्लॅस्टिक आतून सडतं, वरून चकचकीत दिसतं. जहाजावर तर म्हणे रबरी वायसराची तारीख उलटली की तो कोरा असला तरी ते भंगारात काढायला लावायचे. या बाबतीत त्यांची ख्याती होती.

आणि अवनी? मधुरा गेल्यावर उल्हासरावांकडे जपण्यासारखं उरलेलं माणूस ते एकच. तर तिची शाळा, तिचे डबे, तिच्या छत्र्या, सगळं चोख. पण दोघांत बोलणं नाही. संध्याकाळी हा माणूस त्या कोठीत जाऊन वस्तू पुसत बसायचा आणि पोरगी बाहेर एकटी जेवायची. तिने आईबद्दल काही विचारलं की हे उठून जायचे. मोठी झाली, बुओना व्हिस्टाला कुठल्याशा लॅबमध्ये कामाला लागली आणि घरी उशिरा यायला लागली. मी म्हणायचे, "उल्हासराव, पोरगी हातची जातेय." ते म्हणायचे, "नाही हो, कामात असते."

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही तिघं सेंगकांगला जेवत होतो. अवनीने ताटावरून मान वर न करता सांगितलं, "बाबा, मला जॉब मिळालाय. व्हँकुव्हरला. मे एंडला जाते."

उल्हासराव म्हणाले, "किती दिवसांसाठी?"

"दिवसांसाठी नाही, बाबा. जाते." मग तिने मान वर केली. "जायच्या आधी एकदा मला आईच्या डोंगरावर ने. आईने प्रॉमिस केलं होतं. आणि मी आईचे बूट घालणार. माझी साइझ तीच आहे."

"तुला कुठे येतं स्की?"

"तीन वर्षं जातेय जपानला, निसेकोला, फ्रेंड्सबरोबर. तुला सांगितलं नाही."

त्यांचा घास हातातच राहिला. मग एकदम एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. "त्या बुटांना हात लावायचा नाही!" इतक्या वर्षांत मी त्यांचा चढा आवाज पहिल्यांदा ऐकला.

अवनी ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "तू त्या खोलीची जेवढी काळजी घेतोस ना बाबा, तेवढी माझी घेतली असतीस तर मी जातच नव्हते." आणि ताट उचलून आत गेली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी बसून राहिले, कारण ते त्यांनी करायला हवं होतं. त्यांनी आमटीभात संपवला. टाकलं नाही काही.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मला फोन. "प्रेमाताई, तिला नेलं डोंगरावर, तर ती थांबेल का?"

"थांबणार नाही. पण जाताना तुमची म्हणून जाईल. परत येईल, फोन करील, तुमच्याशी बोलेल. आणखी काय हवंय?"

ते म्हणाले, "तेवढं पुरे." मला या माणसाची पहिल्यांदा मनापासून दया आली.

कोठी उघडली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. दार उघडताच आतून भट्टीसारखी वाफ आली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. उल्हासरावांनी आधी आपले बूट काढले, दोन्ही हातांनी पिळून पाहिले. तळ पापडासारखा मोडून खाली पडला. "हे गेले," म्हणाले, आणि सरळ कचऱ्यात. टोकियोत नवे घेऊ म्हणाले. मग मधुराचे जांभळे बूट काढले. मऊ फडक्याने पुसले, फुंकर मारली आणि अवनीसमोर ठेवले. ना पिळले, ना वाकवून पाहिले.

अवनीने पाय घातला. बसला, अगदी नेमका. ती तशीच उभी राहिली आणि मग रडायला लागली. "मावशी, आईचा अंगठा इथे होता. आय कॅन फील इट." मीही रडले. उल्हासराव हसत होते. कित्येक वर्षांनी त्यांचे दात दिसले. मी डोळे पुसत विचारलं, "चांगले आहेत ना हो?"

"कोरे आहेत ते, प्रेमाताई," ते म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर कोऱ्या मालावर विश्वास ठेवला नाही, तो हे बोलला. मधुराचा बूट पिळून बघायचा, हे त्याच्या मनातच आलं नाही.

एप्रिल संपता संपता आम्ही हाक्कोदाला पोचलो. जपानच्या उत्तरेला आओमोरी शहराजवळ ज्वालामुखींचा जथा आहे तो. मला कोणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. अवनी म्हणाली, "तू खाली कुंडात बस मावशी, आम्ही वर जातो." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, बसपेक्षा उंच, आणि हवेत गंधकाचा सडक्या अंड्यासारखा वास. मी नाकाला पदर लावला तर बापलेक मला हसले. दोघं एकदम! पहिल्या दिवशी जवळच्या टेकाडावर थोडं चालून आले. बूट छान आहेत, अवनी म्हणाली.

त्या रात्रीचं जेवण मी विसरायची नाही. उल्हासराव आपणहून मधुराबद्दल बोलायला लागले. ती इथे कशी पहिल्यांदा पडली, पडल्या पडल्या त्यांना कशा शिव्या घातल्या, माथ्यावर बसून थालीपीठ कशी खायची. अवनी गाल हातात घेऊन ऐकत होती. मधेच म्हणायची, "अगेन, बाबा. शिव्यांचं परत सांग." मी मनात म्हटलं, झालं एकदाचं. सुटलं. भोळी मी.

दुसऱ्या दिवशी ती दोघं सकाळी वर गेली. पुढचं मी अवनीकडून ऐकलं, थोडं उल्हासरावांकडून, आणि थोडं त्या जपानी नवरा-बायकोकडून, जे त्याच उतारावर होते.

चढताना काही झालं नाही. माथ्यावर दोघांनी थालीपीठ खाल्लं. बर्फ त्या भरड साखरेला आला तेव्हा उल्हासराव म्हणाले, "हो पुढे. तुझी आई नेहमी पुढे असायची." अवनी निघाली. दोन-तीन वळणं सुरेख घेतली, असं ती जपानी बाई हातांनी वळणं काढून मला दाखवत होती. पुढच्या वळणावर तिने जोर दिला आणि डावा बूट फुटला. काच फुटते तसा, तुकडे उडाले. घोट्याला धरून ठेवणारं काही उरलं नाही, पाय पिळवटला आणि ती उताराच्या तळापर्यंत गडगडत गेली, पार झुडपांपर्यंत. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

ती खाली पडून ओरडत होती, "बाबा! बाबा!" उल्हासराव वर होते. निघाले. त्यांच्या आणि तिच्या मधे उतारभर ते जांभळे तुकडे पसरले होते. पहिल्या तुकड्याशी ते थांबले. वाकले, तो उचलला, खिशात घातला. मग दुसऱ्याशी. मग तिसऱ्याशी. अवनी खालून बघत होती. हाका मारत होती आणि बघत होती. ते जपानी नवरा-बायको उताराच्या दुसऱ्या कडेने येऊन तिच्यापाशी पोचले, तिला पांघरूण घातलं, मदतीला फोन केला. उल्हासराव पोचले ते त्यांच्यानंतर.

मी दवाखान्यात गेले तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते, पाठपिशवी मांडीवर घट्ट धरून. माझं डोकं फिरलं होतं. मी पिशवी ओढून उघडली. आत सगळे तुकडे. मधुराच्या पायाचं अस्तरही होतं.

"अहो, पोटची पोर खाली पडली होती!" मी तिथेच ओरडले. नर्स धावत आली, तिला काय कळणार मराठी.

"मला कळत नव्हतं मी काय करतोय," ते म्हणाले. "तो बूट नव्हता, प्रेमाताई. तिचा पाय होता. तो असा विखरून पडलेला मला टाकून जाववेना." आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मधुरा गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. मी काय करणार? त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, मेल्या, हे नऊ वर्षांपूर्वी रडला असतास तर!

आत अवनी छताकडे बघत होती. उल्हासराव आत आले, तिच्या पायाशी उभे राहिले. ती म्हणाली, "बाबा, तू आधी बूट उचललास." रागावून नाही. हवामान सांगावं तसं. ते काहीतरी बोलायला गेले तर तिने डोळे मिटून घेतले. "इट्स ओके, लाह. मी दमलेय."

इथे परत आल्यावर ती सेंगकांगला गेली नाही. माझ्याकडे वुडलँड्सला राहिली. नोकरीवाल्यांनी तारीख पुढे ढकलली. उल्हासराव रोज यायचे. कधी मऊ भात, कधी हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून तिला आवडणारं फिश सूप. अवनी म्हणायची, "थँक यू, बाबा." खायची, डबा धुऊन परत द्यायची. एका शब्दाने दुखावलं नाही हो तिने त्यांना. भांडली असती तर बरं झालं असतं. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, त्याचं चुकलं, पण तो बाप आहे तुझा. धक्क्यात होता." ती म्हणाली, "आय नो, मावशी. मला कळतं सगळं. पण डोळे मिटले की तो वाकतानाच दिसतो."

सप्टेंबरात ती गेली. अजून किंचित लंगडत होती. विमानतळावर उल्हासरावांनी तिची बॅग ढकलली, कुलूप दोनदा तपासलं. तिने त्यांना मिठी मारली, पाहुण्यांना मारतात तशी. ती आत दिसेनाशी झाली तरी ते काचेपाशी उभे होते.

दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. "प्रेमाताई, या आणि साड्या घेऊन जा. सगळ्या." मला खरंच वाटेना. गेले तर साड्या पलंगावर रचून ठेवलेल्या, स्की आणि चष्मा दान केंद्राच्या पेटीसाठी बाजूला, भाजणीचा डबा रिकामा करून धुतलेला. मी मोरपिशी पैठणी हातात घेतली. उलगडली आणि ती घडीच्या प्रत्येक रेषेवर फाटत गेली, आवाजसुद्धा न करता. पट्ट्या झाल्या नुसत्या. उल्हासराव बघत होते. म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं."

"जाऊ दे हो," मी म्हटलं. बहिणीची शेवटची साडी हातात फाटलेली, पण एका बाजूने हायसंही वाटत होतं. कोठी रिकामी झाली ना! उशिरा का होईना, माणूस शुद्धीवर आला. मी पट्ट्या गोळा केल्या आणि म्हटलं, बघू तरी ती खोली, आता हवा खेळू दे, पाहिजे तर दार काढूनच टाका.

दार लोटलेलं होतं. मी ओढलं.

फळ्या पुसून लख्ख केलेल्या. वरच्या फळीवर अवनीच्या कुबड्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वरून चिकटपट्टी. शेजारी तिच्या पायाचं प्लॅस्टर, कापून काढलेलं, दोन्ही अर्धे जुळवून बांधलेलं. खाली शाळेचा गणवेश. पाण्याची बाटली. माझ्याच घरून जो डबा ती धुऊन परत द्यायची, तो डबा. प्रत्येक वस्तूवर ती पांढरी पुडी.

मी किंचाळलेच. "उल्हासराव! पोरगी जिवंत आहे!"

ते दारात उभे होते, हातात आणखी एक पुडी. म्हणाले, "हो हो, माहीत आहे मला. पण खराब नको व्हायला."

मी तिथल्या तिथे पर्समधून फोन काढला आणि अवनीला लावला. तिकडे किती वाजले असतील, कोणाला पर्वा. तिने उचलला. "मावशी? एव्हरीथिंग ओके?"

"बाबाशी बोल," मी म्हटलं, आणि फोन मोठ्या आवाजावर करून त्यांच्यासमोर धरला. ते फोनकडे बघत राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मी हाताने खुणा करतेय, बोला, अहो बोला. पलीकडून अवनी म्हणाली, "बाबा आहे का तिथे?" थोडा वेळ तीही थांबली. खरं सांगते, थांबली होती. मग म्हणाली, "ओके. त्याला हाय सांग," आणि फोन बंद झाला.

उल्हासरावांनी मला विचारलं, "काय म्हणाली?" त्यांनी ऐकलं होतं. तरी विचारलं.

"हाय म्हणाली."

त्यांनी मान हलवली. हातातली पुडी गणवेशाच्या पिशवीत सरकवली, पिशवीचं तोंड दुमडलं आणि दार लावायला घेतलं. ते दार फार जड आहे, त्यांना दोन्ही हातांनी ओढावं लागलं.